चार मित्र, एक फ्रेंच बँड आणि गाण्यांचा सातबारा

पॅरिस ऑलिंपिकचा समारोप ११ ऑगस्ट २०२४ ला झाला. तिथं रात्रीचे नऊ वाजले, तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजले होते. तरी महाराष्ट्रात बरीच मंडळी जागी होती. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्यपदक अजून ताजं होतं, मनू भाकर आणि श्रीजेश तिरंगा घेऊन मैदानात येणार होते. झेंडे झाले, भाषणं झाली आणि स्ताद द फ्रान्सच्या मधोमध गिटार-कीबोर्ड घेऊन चाळिशी उलटलेले चौघे उभे राहिले. जगभरचे खेळाडू मैदानातून थेट मंचावर चढले होते. त्यांना खाली उतरवण्यासाठी निवेदकाला विनवण्या कराव्या लागल्या.

या बँडचं नाव फिनिक्स. आपल्याकडे अनेकांनी ते त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं असेल, आणि ऐकणाऱ्याला एक शंका येणं साहजिक होतं. आपल्या भाषेबद्दल इतका हळवा असलेला फ्रान्स, घरचं कार्य, सगळं जग बघतंय, आणि गाणी मात्र इंग्रजीत? देशात दुसरं कुणी नव्हतं?

होते, भरपूर होते. पण फिनिक्सची वाटचाल समजून घेतली की ही निवड तेवढी विचित्र वाटत नाही. त्यासाठी दोन गोष्टी नीट कळाव्या लागतात. फ्रान्समध्ये रेडिओवर कुठलं गाणं लागेल हे कायदा कसं ठरवतो, आणि एखाद्या गाण्याचा मालक नक्की कोण असतो. दुसरी गोष्ट कळायला जास्त अवघड आणि बँडच्या आयुष्यात जास्त महत्त्वाची.

## व्हर्सायची पोरं

पॅरिसच्या नैऋत्येला वीसेक किलोमीटरवर व्हर्साय आहे. जग त्याला राजवाड्यासाठी आणि १९१९ च्या तहासाठी ओळखतं. तिथं वाढणाऱ्या मुलांसाठी मात्र ते सुखवस्तू, धार्मिक वळणाचं आणि रात्री लवकर निजणारं गाव होतं. गायक थॉमस मार्स, बास गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा डेक दार्सी आणि गिटारवाला क्रिस्तियाँ माझलाई हे तिघे इथले लहानपणापासूनचे दोस्त. गावात संध्याकाळी करण्यासारखं काही नसलं की पोरं घरात बसून वाद्यं बडवतात. यांनीही तेच केलं.

चौथा लोराँ ब्रँकोविट्झ. हा क्रिस्तियाँचा सख्खा थोरला भाऊ. आडनाव वेगळं दिसतं कारण ते त्यानं मंचासाठी घेतलेलं आहे. त्याची आधीची गोष्ट भन्नाट आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये तो डार्लिन नावाच्या बँडमध्ये होता. त्याचे तिथले दोन सोबती होते तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. १९९३ मध्ये 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकानं डार्लिनच्या गाण्यांची 'डाफ्ट पंकी थ्रॅश', म्हणजे साधारण 'वेडपट पंकछाप दणदणाट', अशी वासलात लावली. बँड मोडला. बांगाल्तेर आणि ओमेम-क्रिस्तो यांनी ती शिवीच नाव म्हणून उचलली आणि पुढे चकाकती हेल्मेटं घालून डाफ्ट पंक या नावानं जग जिंकलं. ब्रँकोविट्झ धाकट्या भावाच्या बँडमध्ये गेला.

याला करंटेपणा म्हणणारे आजही भेटतात. मला तसं वाटत नाही, आणि का ते पुढे येईलच.

१९९७ मध्ये या चौघांनी स्वतःच पहिली तबकडी काढली, पाचशे प्रती. लेबलचं नावही त्यांनीच ठेवलं होतं, घेटोब्लास्टर. (लेबल म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणणारी कंपनी.) व्हर्सायच्याच दोघांचा एअर हा बँड तेव्हा ब्रिटनमध्ये गाजत होता. ब्रिटिश टीव्हीवर त्यांच्यामागे साथीला वाजवायला फिनिक्स गेले. एअर ज्या सोर्स या लेबलवर होते, त्याच लेबलनं मग फिनिक्सलाही करारबद्ध केलं.

## फ्रेंच असून इंग्रजी का? आणि त्याची किंमत काय?

फ्रान्सनं १९९४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो रेडिओला लागू झाला. लोक जास्त संख्येनं ऐकतात त्या वेळात खासगी स्टेशनांनी वाजवलेल्या गाण्यांपैकी किमान ४० टक्के फ्रेंच भाषेतली हवीत, आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नवी निर्मिती असलेली. पुढे त्यात काही फेरफार झाले, स्टेशनच्या प्रकाराप्रमाणे वेगळी टक्केवारी आली, पण मूळ सांगाडा हाच.

यातली मेख अशी की कायदा भाषा मोजतो, पासपोर्ट बघत नाही. कॅनडाची सेलीन दियाँ फ्रेंचमध्ये गायली की ती ४० टक्क्यांत धरली जाते. व्हर्सायची चार पोरं इंग्रजीत गायली की ती उरलेल्या ६० टक्क्यांत जातात, म्हणजे मॅडोना, यू-टू आणि अमेरिकेत त्या आठवड्यात जे काही गाजत असेल त्या सगळ्यांच्या रांगेत. आता स्टेशनवाल्याच्या जागी बसून बघा. फ्रेंच गाणं लावलं तर कायदा पाळल्याचा हिशेब जुळतो. इंग्रजी लावायचंच असेल तर जगप्रसिद्ध नाव लावणं जास्त सुरक्षित. फ्रेंच बँडचं इंग्रजी गाणं लावण्यात त्याचा दोन्हीकडून तोटा.

म्हणून कायदा वाईट ठरतो असं मुळीच नाही. फ्रेंच रॅप त्या काळात जे फोफावलं, त्याचं बरंचसं श्रेय अनेक जण या नियमालाच देतात. फक्त फिनिक्ससाठी घरचं दार अर्धवटच उघडलं होतं, आणि ते त्यांनी आपल्या हातानं लोटून घेतलं होतं.

मग इंग्रजीच का? साधं कारण म्हणजे ते ज्या गाण्यांवर वाढले ती अमेरिकन आणि ब्रिटिश होती. पण त्यांची इंग्रजीही गंमतीची आहे. मार्सच्या ओळी व्याकरणाच्या कडेकडेनं चालतात. शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडलेले वाटतात, आणि न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या माणसालाही गाण्याचा अर्थ विचारलात तर तो खांदे उडवेल. परकी भाषा वापरणाऱ्याला ही मोकळीक असते. घरच्या भाषेत असं बोललं तर लोक हसतील.

## सूर तरी फ्रेंच आहे का?

हा आक्षेप फ्रान्समध्येच जास्त घेतला गेला. माझं उत्तर 'हो' आहे. १९७० च्या दशकातला गुळगुळीत अमेरिकन रॉक घ्यायचा, त्यातली प्रत्येक गिटार आणि प्रत्येक ढोल एखाद्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतासारखा घासूनपुसून लखलखीत करायचा, ही पद्धत पॅरिसच्या त्या पिढीची आहे. डाफ्ट पंक, एअर, कॅसियस या सगळ्यांनी ती आपापल्या परीनं वापरली, आणि ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर बसणारी माणसंही बरेचदा तीच. फिनिक्सचा पहिला अल्बम 'युनायटेड' २००० मध्ये आला. त्याचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे ध्वनी एकत्र बसवण्याचं काम, कॅसियसच्या फिलिप झ्दारनं केलं. हे नाव लक्षात ठेवा.

विषयांचंही तसंच. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं '१९०१' हे त्या वर्षीच्या पॅरिसबद्दलचं दिवास्वप्न आहे, आयफेल टॉवर अजून नवा होता तेव्हाचं. अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये ते हजारो वेळा वाजलं, आणि ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना ते पॅरिसबद्दल आहे हे कळलं असेल कोण जाणे.

## पहिली नऊ वर्षं

या काळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 'युनायटेड'मधलं 'इफ आय एव्हर फील बेटर' युरोपात चाललं. २००४ मध्ये 'अल्फाबेटिकल' आला. त्यात इतकी रंधा-पॉलिश केली होती की २००६ च्या तिसऱ्या अल्बमसाठी त्यांनी उलटं टोक गाठलं. एकही गाणं तयार नसताना ते बर्लिनला गेले आणि जुन्या पूर्व जर्मनीच्या सरकारी रेडिओ केंद्राच्या इमारतीत बसून जे सुचेल ते वाजवून मुद्रित केलं. समीक्षकांनी कौतुक केलं. बँड जगत होता, पण मोठा होत नव्हता. आणि त्या सुमारास कंपनीशी असलेला करार संपला.

बहुतेक बँड इथे मोडतात. तिशी आलेली असते, कुणाला लग्न करायचं असतं, कुणाला पगार हवा असतो. या चौघांनी स्वतःच्या पैशानं, पाठीशी कुठलंही लेबल नसताना, चौथा अल्बम करायला घेतला. झ्दारच्या पॅरिसमधल्या स्टुडिओत बराच काळ काम चाललं. ते मोठ्या हिमतीचं होतं. पण निव्वळ हिंमत म्हणून त्याकडे पाहिलं तर त्यामागचा व्यवहार नजरेतून सुटतो.

## गाण्याचा मालक कोण?

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ती कागदावरही असू शकते, उद्या दुसरं कुणी गायलं तरी ती रचना मूळ कवी-संगीतकाराचीच राहते. दुसरी म्हणजे ते विशिष्ट ध्वनिमुद्रण, जे तुम्ही फोनवर ऐकता. धंद्यात त्याला 'मास्टर' म्हणतात.

रचनेचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था असतात, आणि ही कल्पना फ्रान्समधूनच निघाली. १८४७ मध्ये एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार पॅरिसच्या एका कॅफेत बसला होता. तिथला वाद्यवृंद त्याचंच गाणं वाजवत होता, परवानगी न घेता. बुर्जेनं साखरपाणी प्यायलं आणि बिल भरायला साफ नकार दिला: तुम्ही माझं गाणं फुकट वापरता, मी तुमचं साखरपाणी फुकट पितो. प्रकरण कोर्टात गेलं, बुर्जे जिंकला आणि त्यातून १८५१ मध्ये सासेम ही संस्था उभी राहिली. ती आजही फ्रान्सभरच्या हॉटेलं, रेडिओ आणि मैफलींकडून वसुली करून रचनाकारांना वाटते. आपल्याकडे हेच काम आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) करते, आणि कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांचे वारस आणि अशा संस्था सोडून कुणाला लिहून घेता येत नाही.

मास्टरचं गणित मात्र वेगळं. नेहमीच्या करारात लेबल ध्वनिमुद्रणाचा खर्च करतं आणि मास्टरचं मालक होतं. कलाकाराला विक्रीतला वाटा मिळतो, तोही आधी दिलेली उचल फिटल्यावर. नवख्या बँडकडे दुसरा इलाजही नसतो.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर हे जमिनीचं खरेदीखत झालं. पैसे हातात आले, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. त्याऐवजी सातबारा आपल्या नावावर ठेवून जमीन काही वर्षांच्या बोलीनं खंडानं कसायला देता येते. पीक कसणाऱ्यानं काढायचं, ठरलेला हिस्सा आपल्याला द्यायचा, मुदत संपली की जमीन परत. संगीतात या खंडाला परवाना किंवा लायसन्स म्हणतात. फिनिक्सनं चौथ्या अल्बमला नेमकं हे केलं. ध्वनिमुद्रण स्वतःच्या खर्चानं केलं, त्यासाठी ल्वायोते नावाचं स्वतःचं लेबल काढलं, आणि मग अमेरिकेसाठी ग्लासनोट या तेव्हा अगदी नव्या, छोट्या कंपनीला आणि इतर प्रदेशांसाठी इतरांना परवाना दिला.

जोखीम उघड आहे. पीक बुडालं तर बियाण्याचा खर्च आपलाच.

## २००९

पीक बुडालं नाही. 'वुल्फगँग अमाडेयस फिनिक्स' असं थोर युरोपीय संगीतकार वुल्फगँग अमाडेयस मोत्झार्टची टोपी उडवणारं नाव घेऊन अल्बम मे २००९ मध्ये आला. त्याच्या तीन महिने आधी त्यांनी '१९०१' आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलं होतं. ज्यावर पोट चालायचं ते गाणंच फुकट? मोठ्या लेबलच्या मालकीचं असतं तर कदाचित हे झालंच नसतं, निदान इतक्या सहज नाही. इथे मालक चारच होते, आणि त्यांना वाटलं की लोकांनी ऐकावं. एप्रिलमध्ये, म्हणजे अल्बम दुकानात यायच्या आधीच, ते अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात वाजवत होते. मग कॅडिलॅक गाडीच्या जाहिरातीत '१९०१' आलं आणि ते घराघरात पोचलं. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्टरनेटिव्ह, म्हणजे रूढ पॉपपेक्षा वेगळ्या वळणाच्या, गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ३१ जानेवारी २०१० ला सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्या वर्षी नामांकनात डेपेश मोड, डेव्हिड बर्न आणि ब्रायन ईनो अशी खाशी मंडळी होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, आणि शेवटाकडे मंचावर दोन हेल्मेटं अवतरली. बांगाल्तेर आणि ओमेम-क्रिस्तो जुन्या सोबत्याकडे आले होते.

## 'गाडीच्या जाहिरातीत गाणं दिलं म्हणजे विकले गेलेच की'

जाहिरातीत किंवा चित्रपटात गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात, एक रचनेची, एक मास्टरची. नेहमीच्या करारात दुसऱ्या परवानगीचे पैसे आधी लेबलच्या खिशात जातात. मास्टर स्वतःकडे असला की एका जाहिरातीतून मिळणारी रक्कम पुढच्या अल्बमचा खर्च भागवू शकते, आणि पुन्हा कुणाकडे उचल मागायला जावं लागत नाही. गाडी विकायला गाणं द्यावं का, याबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे. मला स्वतःला ती जाहिरात रटाळच वाटते. पण ज्यांनी सातबारा राखला त्यांनाच 'विकले गेले' म्हणणं हिशेबाला धरून नाही.

## खंडकऱ्यानं घातलेला गोंधळ

परवाना पद्धतीत एक अडचणही आहे. कसणारे अनेक असतात आणि त्यातल्या कुणी शेजाऱ्याशी भांडण काढलं तर बोल मालकाला लागतो.

याच अल्बममधलं 'लिस्टोमेनिया' हे गाणं घेऊन कुणीतरी १९८० च्या दशकातल्या अमेरिकन कुमारपटांतली नाचाची दृश्यं जोडली आणि ती चित्रफीत लोकप्रिय झाली. मग शहराशहरांतल्या पोरांनी गच्चीवर नाचून स्वतःच्या आवृत्त्या केल्या. बोस्टन विद्यापीठातल्या अशाच एका आवृत्तीत नाचणारी एक विद्यार्थिनी पुढे अमेरिकन संसदेत निवडून आली. ती अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ. जानेवारी २०१९ मध्ये तिला अडचणीत आणायला कुणीतरी ती चित्रफीत बाहेर काढली, आणि तिची लोकप्रियता उलट वाढली.

या आवृत्त्यांचे तुकडे हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी २०१० च्या एका व्याख्यानात दाखवले. विषय होता, लोक एकमेकांच्या कलाकृतींवर नवं काय रचतात. २०१३ मध्ये यूट्यूबवर ते व्याख्यान अडवलं गेलं. तक्रार लिबरेशन म्युझिक या ऑस्ट्रेलियन कंपनीची होती, जिच्याकडे त्या भागापुरता परवाना होता. तिनं गाठला कोण, तर कॉपीराइट कायद्यावर पुस्तकं लिहिणारा माणूस! लेसिग यांनी उलट दावा ठोकला. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीनं तडजोड केली, भरपाई दिली आणि आपली तक्रारींची पद्धत बदलायचं मान्य केलं. त्यानंतर फिनिक्सनं जाहीर निवेदन काढलं, की शिक्षणासाठी किंवा भाष्यासाठी आमच्या संगीताचा असा वापर आम्हाला मान्य आहे आणि आमच्या नावानं असं काही पुन्हा होऊ नये.

कायद्यानं ते निवेदन काढायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

## 'बायको सोफिया कोपोला असेल तर काय अवघड?'

हा सगळ्यात नेहमीचा टोमणा, आणि त्यात थोडं तथ्य आहे. सोफिया कोपोला ही मोठी दिग्दर्शिका. 'द गॉडफादर' करणाऱ्या फ्रान्सिस कोपोला यांची मुलगी. तिच्या पहिल्या चित्रपटाचं संगीत एअरनं केलं, तेव्हा त्यातलं 'प्लेग्राउंड लव्ह' हे गाणं मार्सनं वेगळ्या नावानं गायलं होतं. २००३ च्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'मध्ये फिनिक्सचं 'टू यंग' वाजतं. दोघांचं लग्न २०११ मध्ये इटलीत झालं. तिच्या पुढच्या चित्रपटांनाही बँडनं संगीत दिलं आहे.

पण तारखा शेजारी ठेवून बघा. 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'ला ऑस्कर मिळालं त्यानंतरचे दोन्ही अल्बम जेमतेम चालले. बँड खऱ्या अर्थानं मोठा झाला २००९ मध्ये, फुकट दिलेल्या गाण्यानं आणि गाडीच्या जाहिरातीनं. ओळखीचा फायदा कुणालाही होतो, पण तो सहा वर्षं वाट बघून होत नाही.

सुखवस्तू घरांची पोरं होती म्हणून जमलं, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. स्वतःच्या पैशानं अल्बम करायला आधी पैसा आणि निवांतपणा लागतो, आणि व्हर्सायमध्ये तो इतर उपनगरांपेक्षा जास्त होता. पॅरिसच्या उत्तरेकडच्या वस्त्यांतली मुलं त्याच काळात फ्रेंचमध्ये रॅप करत होती. त्यांना सातबारा राखण्याची चैन किती परवडली असती?

## चारच का, पाचवा का नाही?

फिनिक्सला मंचावर बघितलंत तर माणसं सहा मोजाल. ढोल स्वीडनचा थॉमस हेडलुंड वाजवतो. तो २००० च्या दशकापासून त्यांच्यासोबत आहे आणि इतका झपाटून वाजवतो की बऱ्याचदा नजर त्याच्यावरच राहते. कीबोर्डवर रोब असतो, जो एरवी चित्रपटांना संगीत देतो. तरी बँड म्हटलं की चारच नावं छापली जातात.

कुणाला हे कोतेपणाचं वाटेल. मला यातच त्यांच्या टिकण्याचं कारण दिसतं. जगातले बहुतेक बँड पैशावरून आणि श्रेयावरून फुटतात. गाणं कुणी लिहिलं, मुखडा कुणाचा, ढोलवाल्याला रॉयल्टी का नाही, यावरून बालमैत्री वीस-वीस वर्षांनी कोर्टात जाते. फिनिक्सचं संगीत चौघांच्या नावावर असतं. एखाद्या धुनेची पहिली ओळ कुणाला सुचली याची नोंद ठेवण्याची गरजच उरत नाही. निर्णयही चौघांच्या मतानं होतात. त्यामुळे ते हळू चालतात, दोन अल्बमांमध्ये चार-पाच वर्षं सहज जातात, आणि मार्स न्यूयॉर्कला तर बाकीचे पॅरिसला, म्हणून आणखी वेळ लागतो. पण १९९५ च्या सुमारास जी चार माणसं जमली तीच आजही आहेत.

म्हणूनच ब्रँकोविट्झ करंटा ठरतो असं मला वाटत नाही. डाफ्ट पंक २०२१ मध्ये थांबले. त्याचा बँड अजून चालू आहे.

## ग्रॅमीनंतर

यशानंतरचा अल्बम 'बँकरप्ट!' २०१३ मध्ये आला. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'साठी वापरलेला ध्वनिमुद्रणाचा भला मोठा कन्सोल त्यांनी इबेवरून विकत घेतला आणि त्यावर तो घडवला. अल्बम गुंतागुंतीचा, थोडा थंड. त्या वर्षी अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात ते मुख्य आकर्षण होते. पाहुणे म्हणून डाफ्ट पंक येतील अशी कुजबुज होती. प्रत्यक्षात आला अमेरिकन गायक आर. केली. त्याच्यावर अल्पवयीन मुलींच्या शोषणाचे आरोप तेव्हाही होते, २०२१ मध्ये तो दोषी ठरला. बँडच्या कारकिर्दीतली ही संध्याकाळ चाहते आज फारशी आठवत नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे.

२०१७ चा 'टी आमो' ही इटलीच्या उन्हाळ्याची, आइस्क्रीमची आणि जुन्या डिस्कोची गोड कल्पना. युरोपात हल्ले आणि कडवटपणा वाढत असताना असा हलका अल्बम का, असं त्यांना विचारलं गेलंच.

१९ जून २०१९ ला पॅरिसमध्ये इमारतीवरून पडून फिलिप झ्दारचा अपघाती मृत्यू झाला. 'युनायटेड'पासून त्यांचे ध्वनी जुळवणारा, २००९ च्या अल्बमचा सहनिर्माता, चौघांच्या मतभेदात कौल देणारा बाहेरचा कान. बँडमध्ये पाचवा कुणी असेलच, तर तो झ्दार होता.

पुढचा अल्बम त्यांनी त्याच्याशिवाय, स्वतःच निर्माते होऊन केला. महासाथीमुळे पॅरिसमधलं सजावटी कलांचं संग्रहालय बंद होतं. लूव्र राजवाड्याच्या एका बाजूला असलेल्या त्या इमारतीत त्यांना जागा मिळाली, आणि नेपोलियनच्या काळातल्या वस्तूंच्या शेजारी त्यांनी तारा पसरल्या. 'अल्फा झुलू' नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. हे नाव एका खडतर विमानप्रवासात वैमानिकाच्या तोंडून मार्सनं ऐकलेल्या हाकेतून आलं.

त्यात 'टुनाइट' नावाचं एक गाणं आहे. ते मार्स आणि व्हँपायर वीकेंड या अमेरिकन बँडचा एझ्रा कोनिग यांनी मिळून गायलं आहे. सहा अल्बम आणि दोन दशकांहून जास्त काळ फिनिक्सच्या अल्बमांत पाहुणा गायक म्हणून कुणाचं नाव नव्हतं. सातव्या अल्बमात त्यांनी पहिल्यांदा पाहुण्याला माइक दिला.